धान पिवळा पडतो तेव्हा

आमच्या अड्याळकडे रस्त्यात दोन माणसं भेटली की आधी धानाची विचारपूस होते, मग तब्येतीची. 'का म्हणते गा धान?' असं विचारतात. धान काही म्हणत नाही, पण ज्याला ऐकता येतं त्याला तो पानातून सांगतो. हिरवा आहे तोवर कोणी त्याच्याकडं वळून पाहत नाही. पिवळा झाला की अख्खं गाव डॉक्टर होतं. एक म्हणतो युरिया टाक, दुसरा म्हणतो झिंक टाक, तिसरा म्हणतो फवारा मार, आणि चौथा म्हणतो नजर लागली, लिंबू बांध. मी दहावी शिकलेला माणूस. 1977 साली शाळा सुटली आणि नांगर हातात आला. तेव्हापासून पिवळा धान पाहतो आहे. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतो, कारण आता विचारणारी पोरं आहेत आणि सांगणारे म्हातारे एकेक करून चालले.

अड्याळ हे पवनी तालुक्यातलं गाव, भंडारा–पवनी रस्त्यावरचं. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख धानाचा. बाराशे ते चौदाशे मिलीमीटर पाऊस पडतो आणि पावसानं दगा दिला तर जुने मालगुजारी तलाव कामी येतात. त्यांना आता कागदावर 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. 1988 साली गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो. कालव्याचं पाणी पोचेपर्यंत केस पांढरे झाले. जमीनही इथं एका जातीची नाही. कन्हार काळी, मोरंड मधली, सिहार पिवळट रेताड, खरडी मुरमाड आणि बरडी तर नुसती गोट्यांची. एकाच शेतकऱ्याच्या दोन बांध्यांत दोन जमिनी निघतात. म्हणून शेजाऱ्याच्या बांधीतला इलाज आपल्या बांधीत चालेलच असं नाही, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे 'पिवळा' हे रोगाचं नाव नव्हे. माणसाला ताप येतो तसं ते आहे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉईडचा असतो, नुसता उन्हात फिरल्याचाही असतो. ताप आला म्हणून तीनही गोळ्या एकदम गिळणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. धानाच्या बाबतीत मात्र हेच करतो आणि वरून दुकानाची उधारी करतो.

आमचे बाबा अंगठाबहाद्दर होते. पण धान पाहायची त्यांची एक रीत होती. ते धुऱ्यावर उभं राहून कधी निदान करत नसत. 'धुऱ्यावरून धान सारखाच दिसते, बांधीत उतरल्यावर वेगळा दिसते,' असं म्हणत. धोतर खोचून ते बांधीत उतरत आणि मनाशी प्रश्न विचारत. धानाचं वय किती? पिवळं पान खालचं का वरचं? सगळी बांधी पिवळी का ठिगळं ठिगळं? पाणी किती दिवसांपासून साचलं? मूळ कसं आहे? आणि शेवटी चूड दोन्ही हातांनी फाकवून बुडाशी काय आहे? एवढं झाल्याशिवाय खताच्या पोत्याला हात लागत नसे. पुढं मी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी मेळाव्याला गेलो, शास्त्रज्ञ लोकांचं ऐकलं, तेव्हा कळलं की तेही याच प्रश्नांनी सुरुवात करतात. फक्त त्यांच्याकडं प्रत्येकाचं कारणही असतं.

आता एकेक प्रश्न घेऊ.

पान खालचं का वरचं, हा सगळ्यात मोठा फरक. नत्र हे झाडात फिरणारं अन्न आहे. ते कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानातून काढून कोवळ्या पानाला देतं. घरात भाकर कमी असली की माय आपल्या ताटातली लेकराच्या ताटात सरकवते, तसं. म्हणून नत्राची भूक असली की खालची पानं शेंड्याकडून पिवळी होत येतात आणि वरचं पान हिरवं राहतं. सगळी बांधी सारखीच फिकी दिसते, फुटवे कमी येतात. पालाश कमी पडलं तरी खालच्याच पानावर कळतं, पण तिथं पान आधी टोकाला आणि कडेला जळल्यासारखं होतं, मधला भाग हिरवा राहतो.

लोह मात्र असं फिरत नाही. ते कमी पडलं की नवं पानच पिवळं, पार पांढरट निघतं आणि खालची जुनी पानं हिरवी असतात. पऱ्ह्यांत हे जास्त दिसतं, पाऊस लांबला आणि गादीवाफा कोरडा पडला की. तिथं युरियानं काही होत नाही. हिराकसाची फवारणी करावी लागते, पाणी द्यावं लागतं. एकाच रंगाचे हे दोन रोग, पण एकाची सुरुवात बुडातून आणि दुसऱ्याची शेंड्यातून.

जस्ताची कमी रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांत दिसते. धान जागच्या जागी बसतो, वाढत नाही आणि खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येतात. उत्तरेत याला 'खैरा' म्हणतात. खैराच्या काताचा रंग आठवा म्हणजे नाव का पडलं ते समजेल. लोक आधी याला साथीचा रोग समजत. हा रोग नसून जस्ताची भूक आहे, हे 1966 साली पंतनगरला डॉ. नेने यांनी दाखवून दिलं. एक हजार लिटर पाण्यात 5 किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना, एवढ्यात हेक्टरभर धान उठतो.

मूळ पाहायला चूड उपटावीच लागते. लोकांना एक चूड उपटायची कीव येते आणि एकराचा धान गमवायची येत नाही. चांगलं मूळ पांढरं किंवा वरून तांबूस असतं. तो तांबूस लेप लोहाचा, तो चांगला. मूळ काळं निघालं, त्याला सडक्या अंड्याचा वास आला, तर समजायचं की बांधीत पाणी कोंडून मुळाचा श्वास अडला. अशा धानाला खत म्हणजे नाक दाबून तोंडात घास कोंबणं. तिथं बांधीचं तोंड फोडायचं, पाणी काढायचं, दोन-तीन दिवस चिखल वाफसू द्यायचा. पैसा लागत नाही. म्हणूनच हा इलाज कोणी सांगत नाही.

कडा करपा हा वेगळा. पान शेंड्याकडून दोन्ही कडांनी वाकड्यातिकड्या रेघेत पिवळं पडत खाली येतं, मग तणसासारखं वाळतं. हा जिवाणूचा रोग. याची घरगुती परीक्षा आहे. रोगट पान ताजं कापून काचेच्या गिलासातल्या स्वच्छ पाण्यात उभं धरायचं. कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरली तर कडा करपा. या धानाला युरिया टाकला तर आगीत रॉकेल ओतल्यासारखं होतं.

आणि खोडकिडा. धान निसवल्यावर पानं हिरवी, पण मधली लोंब पांढरी आणि ताठ उभी. भरलेली लोंब वाकते, ही वाकत नाही. तिला धरून ओढली की अलगद हातात येते, कारण खालून अळीनं कापलेली असते. त्याला पळींज म्हणतात. त्या वेळी फवारून ती लोंब भरत नाही.

हे सगळं मी ज्या वर्षामुळं लिहायला बसलो ते वर्ष 2017. माझा धाकटा भाऊ त्या उन्हाळ्यात गेला. त्याचा पोरगा नागपूरला कंपनीत होता, तो परत आला. घरात त्याची आई, लग्नाची बहीण आणि वडिलांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज. पाच बांध्या मिळून दोन एकर धान. पोरानं पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर चिखलणी केली, पऱ्हे खोदले, रोवणी केली. धान एचएमटी, भारी जातीचा, एकशे पस्तीस-चाळीस दिवसांचा. दसऱ्यापर्यंत बांधी अशी हिरवी की रस्त्यानं जाणारा थांबून पाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी तो सकाळीच घरी आला. डोळे तांबरलेले.

"मोठेबाबा, धान पिवळा पडून राह्यला."

"कोणत्या बांधीत?"

"साऱ्याच."

"दुकानात जाऊन आला का?"

"हो जी. त्यानं चार औषधं लिहून देल्ली. एक बुरशीचं, एक किडीचं, एक टॉनिक, अन् वरून युरियाची बॅग. साडेतीन हजार म्हणते. उधारीवर देतो म्हणते."

"पान पाह्यलं का त्यानं?"

"मोबाईलवर फोटो पाह्यला."

मी चप्पल पायात सरकवली. चाळीस वर्षांत कोणी धानाचा फोटो पाहून बुडातला किडा सांगितलेला मी पाहिला नाही.

पहिल्या चार बांध्यांत उतरलो. खालची दोन पानं पिवळी, काही वाळलेली. वरची तीन पानं हिरवीगार. पिवळेपण सगळीकडं सारखं, ठिगळं नाहीत. चूड उपटली, मूळ तांबूस, वास नाही. बुड फाकवलं, स्वच्छ. लोंब बाहेर पडून बारा-पंधरा दिवस झालेले. एक दाणा नखानं दाबला तर दूध निघालं.

पोराला म्हटलं, "बाबू, हा रोग नाही. हा धान आपलं काम करून राह्यला."

त्याला पटेना. मग समजावून सांगितलं. लोंब बाहेर पडली की महिनाभरात धान पिकतो. त्या महिन्यात दाण्याला नत्र लागतं, आणि झाड ते बरंचसं आपल्या जुन्या पानातून काढतं. खालचं पान आपली हिरवळ दाण्याला देऊन पिवळं होतं. वरची दोन-तीन पानं ऊन खाऊन दाणा भरतात. ती हिरवी आहेत तोवर काळजी नाही. हेच पिवळेपण रोवणीनंतर महिन्याभरात दिसलं असतं, तर मी स्वतः युरिया आणायला पाठवला असता. नत्राचे हप्ते असतात. अर्धा रोवणीला, पाव फुटव्याला आणि पाव लोंब पोटात धरण्याच्या वेळेला. त्यानंतर टाकलेला युरिया दाण्यात जात नाही, पानात जातो. धान हिरवा राहतो, पिकायला उशीर करतो, आडवा पडतो आणि किडीला जेवणाचं आमंत्रण देतो.

"म्हणजे टाकू नको?"

"एक मूठबी नको."

पाचवी बांधी सगळ्यात खोलगट, तलावाच्या अंगाला. तिथं पिवळेपण वेगळं होतं. मधोमध खाटेएवढं गोल ठिगळ, त्यातली वरची पानंसुद्धा पिवळी, मधे तर वाळून तांबडी. बाजूला अजून दोन गोल धरत होते. मी त्या ठिगळात गेलो नाही. त्याच्या काठावरच्या हिरव्या धानात गेलो, कारण चोर लुटलेल्या घरात थांबत नाही, पुढच्या घरात असतो. चूड फाकवली आणि बुडावर हातानं थाप मारली. पाण्यावर तपकिरी तुडतुडे तांदळाच्या कोंड्यासारखे पसरले. मोजले तर एका चुडीत वीसाच्या वर. दहाच्या आसपास गेले की हालचाल करायची असते. पानं हातांना चिकट लागत होती, बुडाशी काजळी धरली होती.

पोरगा बघतच राहिला. चार बांध्यांचा पिवळा आणि या बांधीचा पिवळा धुऱ्यावरून एकच दिसत होता. त्याच्या मोबाईलातही एकच दिसला असता. चारांत दाणा भरत होता आणि पाचवीत झाडाच्या नरडीतून रस ओढला जात होता.

तुडतुड्याला दाटी लागते, ओल लागते, सावली लागते. म्हणून पहिला इलाज पाणी काढणं. तीन-चार दिवस बांधी कोरडी करायची, दर आठ-दहा ओळींनंतर धान दोन्ही बाजूंना फाकवून पट्टा पाडायचा, म्हणजे बुडाला ऊन-वारा लागेल. मग कृषी सहायक सांगेल ते एकच औषध आणि तेही बुडावर. वरून पानावर मारलेल्या औषधाखाली तुडतुडा छत्रीखाली बसल्यासारखा बसून राहतो. काही औषधांनी तर कोळी आणि मित्रकिडेच मरतात आणि तुडतुडे दुप्पट होतात. शिवाय धान सकाळी नऊपासून दुपारी बारापर्यंत फुलतो, मागाहून निसवलेल्या लोंबा तेव्हाही फुलत होत्या. म्हणून फवारा दुपार कलल्यावर.

पण पाणी काढायचं कसं? आमच्याकडं पाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरच्या शेजाऱ्याच्या बांधीचं तोंड आमच्या पाचव्या बांधीत उघडतं. आम्ही पाणी सोडलं तरी वरून येतच राहणार. आणि त्या शेजाऱ्याशी माझ्या भावाचं सहा वर्षांपासून बोलणं नव्हतं. हातभर धुऱ्याचा वाद. तहसीलपर्यंत गेला होता. मातीला आला तो माणूस, पण दारात बसला नाही.

पोरगा म्हणाला, "मोठेबाबा, तुम्ही जाऊन सांगा ना जी."

मी म्हटलं, "शेत तुह्यं आहे. तूच जा. फक्त धुऱ्याची गोष्ट काढू नको. जाताना ही चूड घेऊन जा."

तो गेला. नंतर त्यानं मला सांगितलं ते असं. काकाजी अंगणात बसून दोरी वळत होते. यानं काही न बोलता प्लास्टिकच्या घमेल्यात पाणी मागितलं, चूड त्यावर झटकली आणि घमेलं पुढं केलं. म्हाताऱ्यानं चष्मा लावून पाहिलं. थोडा वेळ गेला. मग विचारलं, "कोणत्या बांधीतली?" यानं सांगितलं. म्हातारा उठला आणि थेट आपल्या बांधीत गेला. तिथंही थाप मारली. तिथंही तेच. तुडतुड्यानं धुऱ्याची मोजणी केलेली नव्हती.

त्या संध्याकाळी दोन्ही बांध्यांची तोंडं फोडली. म्हाताऱ्यानं आपलं पाणी दुसऱ्या बाजूनं नाल्यात वळवलं, त्यासाठी फावड्यानं वीस-पंचवीस हात दांड खोदला. पोरानं मदत केली. बोलले ते फक्त पाण्याचं आणि मातीचं. धुऱ्याचा वाद आजही कागदावर आहे तसा आहे. पण पाणी सोडायचं-अडवायचं ते तेव्हापासून विचारून होतं.

तिसऱ्या दिवशी बांधी भेगाळायच्या बेताला आली. पट्टे पाडले. चौथ्या दिवशी दुपारनंतर दोघांनी एकाच दिवशी फवारणी केली, म्हणजे इकडून हाकललेला तिकडं जाऊन बसू नये. 19 तारखेला लक्ष्मीपूजन होतं. वहिनीनं त्या वर्षी दारात फक्त पाच दिवे लावले. घरात दुखवटा होता आणि शेतात काय होणार ते माहीत नव्हतं.

त्या साली आमच्या भंडारा-गोंदियाकडं तुडतुड्यानं मोठा धिंगाणा घातला. सरकारला कापसाच्या बोंडअळीसोबत धानाच्या तुडतुड्याची मदत जाहीर करावी लागली. काही लोकांनी उभ्या धानाला काडी लावली. कापायची मजुरीसुद्धा निघत नव्हती. आमच्या पोराच्या पाचव्या बांधीतला तिसरा हिस्सा गेला. बाकीचा उभा राहिला. चार बांध्या मात्र सोन्यासारख्या पिकल्या, आणि त्यांत साडेतीन हजारातला एक रुपया गेला नव्हता. कडपा वाळला, पुंजणं लागलं, चुरणा झाला. सोसायटीचं कर्ज पूर्ण फिटलं नाही, निम्मं फिटलं. बहिणीचं लग्न एक वर्ष पुढं गेलं, पण शेत गहाण पडलं नाही. शेतकऱ्याच्या घरी याला चांगलं वर्ष म्हणतात.

मला यात दादाजी खोब्रागडे आठवतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, तिसरी शिकलेले, थोड्याशा जमिनीचे धनी. 1983 साली 'पटेल-3' धानात त्यांना तीन झाडांच्या लोंबा वेगळ्या, पिवळट दाण्याच्या दिसल्या. दुसऱ्यानं भेसळ म्हणून उपटून फेकल्या असत्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून एचएमटी आला. नाव पडलं ते त्या काळच्या गाजलेल्या घड्याळावरून. तोच धान माझ्या पुतण्याच्या बांधीत उभा होता. दादाजी 3 जून 2018 रोजी गेले. त्यांच्याकडं प्रयोगशाळा नव्हती. बांधीत उतरून जवळून पाहायची सवय होती.

आता पुतण्या चांगला शेतकरी झाला आहे. त्यालाच पोरं फोटो पाठवतात. पिवळं पान, खाली लिहिलेलं, 'भाऊ, कोणतं औषध मारू?' तो औषधाचं नाव सांगत नाही. उलट विचारतो, 'रोवणी कधीची? पान खालचं का वरचं? एक चूड उपट, मुळाचा फोटो पाठव, अन् बुडावर थाप मारून पाण्यात काय पडते ते सांग.' निम्मी पोरं कंटाळून दुकानात जातात. निम्मी बांधीत उतरतात. जी उतरतात त्यांचे पाय चिखलानं भरतात, आणि पुष्कळ वेळा तेवढ्यानंच काम भागतं.